डीप फ्रीझर घेताय? आडवा की उभा ते आधी ठरवा

दोन वर्षं नुसतं घेऊ घेऊ चाललं होतं, शेवटी मागच्या एप्रिलमध्ये आमच्याकडे दापोलीला डीप फ्रीझर आला. घरची थोडी कलमं आहेत, हापूसची आढी पिकायला लागली की सगळा आंबा एकदमच तयार होतो आणि रस काढून ठेवायचा म्हणलं तर फ्रिजच्या वरच्या खणात चार डबे गेले की जागा संपली. त्यात 1 जूनपासून बोटी बंद, म्हणजे मे अखेरीला सुरमई, कोलंबीही भरून ठेवायची असते. आणि जानेवारीतले मटार वेगळेच.

दुकानदाराने पहिल्यांदा दाखवला काचेच्या झाकणाचा. दिसायला छानच, पण तो आइस्क्रीमच्या दुकानासाठी ठीक आहे, जिथे गिऱ्हाइकाला आतलं दिसायला हवं. घरात कशाला? काचेतून थंडावा जास्त जातो आणि लाइटबिल वाढतं. मग उभा बघितला, कपाटासारखा, खण असलेला. खरं सांगते, मला तोच आवडला होता, कारण सगळं डोळ्यासमोर राहतं, वाकायला लागत नाही आणि जागाही कमी खातो. पण उभ्याचं दार उघडलं की थंड हवा जड असल्यामुळे सरळ खाली पायावर येते आणि दर वेळी मशीनला पुन्हा सगळी मेहनत. आडव्या पेटीत झाकण उघडलं तरी थंड हवा आतच बसून राहते. उभ्यातले बरेच फ्रॉस्ट फ्री असतात, म्हणजे बर्फ खरवडायचा त्रास नाही, पण आतला पंखा कोरडी हवा फिरवत राहतो त्यामुळे नीट न गुंडाळलेली मच्छी कडेने पांढरट, चिवट होते.

आमच्यासाठी निकाल लावला तो लाइटीने. निसर्ग वादळ आलं 3 जून 2020 ला, तेव्हा आमच्याकडे कितीतरी दिवस अंधार होता, फ्रिजमधलं सगळं काढून टाकलं होतं. तेवढ्या दिवसांना कुठलाच फ्रीझर पुरणार नाही हे मान्य, पण दर पावसाळ्यात दहा-बारा तास लाइट जाणं आम्हाला नवीन नाही. गच्च भरलेला फ्रीझर झाकण न उघडता साधारण 48 तास माल गोठलेला ठेवतो, अर्धा भरलेला 24 तास. म्हणून मोठ्यात मोठा घ्यायच्या मोहात पडू नका. आम्ही 200 लिटरचा घेतला, बंद झाकणाचा, आडवा. रिकामी जागा राहिली तर पाण्याच्या बाटल्या भरून ठेवतो, गळ्यापर्यंत नाही हां, बर्फ फुगतो, बाटली फुटते.

एक गोष्ट मात्र मी दुकानात बघायला हवी होती ती राहिली. घरी आल्यावर सासूबाई वाकून बघायला लागल्या आणि म्हणाल्या, "अगं, माझा हात तळाला पुरत नाही बघ." त्यांची उंची कमी, कंबर दुखते, आणि स्वयंपाकघर तर त्याच सांभाळतात! मग आता तळाला फक्त रसाचे डबे, जे गणपतीपर्यंत लागत नाहीत, आणि रोजचं खवलेलं खोबरं, मटार, आलं-लसूण वरच्या जाळीच्या बास्केटमध्ये. तुम्ही घ्याल तेव्हा जो माणूस रोज वापरणार आहे त्याला दुकानात घेऊन जा आणि झाकण उघडून तळापर्यंत हात घालून बघायला सांगा. बास्केट दोन मिळाल्या तर उत्तम.

अजून दोन गोष्टी विचारून घ्या. पाणी काढायचं बूच पुढच्या बाजूला आहे का, कारण वर्षातून एक-दोनदा बंद करून बर्फ वितळवावा लागतोच. तो सुरीने कधीच खरवडू नका, थंड करणाऱ्या गॅसच्या नळ्या भिंतीतच असतात, भोक पडलं तर मोठा खर्च. त्याच कारणाने ताजी मच्छी गोठवताना पाकिटं मधे ढीग न करता भिंतीला टेकवून ठेवायची, लवकर गोठतात. आणि तापमान उणे 18 ला जातंय ना ते बघा, काही मॉडेलमध्ये कूलर आणि फ्रीझर अशी दोन्ही सोय असते, ती आम्हाला उपयोगी पडली नाही पण कार्यक्रमाला कोल्ड्रिंक ठेवणाऱ्यांना पडेल.

आम्ही आत एका वाटीत पाणी गोठवून त्यावर रुपयाचं नाणं ठेवलंय. आपण गावाला असताना लाइट जाऊन माल वितळला आणि परत गोठला तर नाणं तळाला गेलेलं दिसतं. जुलैत पुण्याहून चार दिवसांनी परत आलो, शेजारी म्हणाले रात्रभर लाइट नव्हती. सासूबाईंनी पहिलं झाकण उघडलं, नाणं वरच होतं, आणि त्यांनी तिथूनच सोलकढीला खोबऱ्याची पिशवी काढली.