आधी डबी, मग जोडी

"आमच्या फायटर माशानं फेस केला, मादीनं अंडी दिली, पिल्लंसुद्धा निघाली. आणि आठवड्याच्या आत सगळी गेली. तुमच्याकडे जगतात, मग आमच्याकडेच काय बिघडतं?" महिन्यातून दोन-तीनदा तरी हा प्रश्न कानावर येतो, शब्दही जवळजवळ हेच. परवा भाजी घेताना तुम्हीही तेच विचारलंत. हातात पिशव्या होत्या, नीट सांगता आलं नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आता बसून लिहितोय.

विचारणाऱ्याच्या घरी आधी गप्पी असतातच. "गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा" हे भिंतींवर वाचत आपण मोठे झालो. डासांच्या अळ्या खातो म्हणून १९०८ मध्ये हा मासा परदेशातून भारतात आणला गेला, आणि आता तर कुठल्याही गावच्या हौदात डोकावलं तरी दिसतो. गप्पीची मादी अंडी घालत नाही, थेट पोहणारी पिल्लं टाकते. दोन बोटांत चुरडलेलं साधं खाणं टाकलं तरी ती तुटून पडतात. त्यांना जगवावं लागत नाही, फक्त त्यांच्या आईच्या तोंडातून वाचवावं लागतं. चार महिन्यांत टाकी भरते, माणसाला वाटतं आपला हात बसला, आणि तो फायटरची जोडी घेऊन येतो.

फायटरमध्ये फसायला होतं ते असं, की बघण्यासारखा सगळा भाग आपोआप होतो. पाणी चार-पाच इंच, २७-२८ अंश. वर देशी बदामाचं एक वाळलेलं लाल पान तरंगत सोडायचं. हे झाड आपल्याकडे शाळेच्या मैदानापासून बसस्टँडपर्यंत कुठेही असतं, तरी लोक दुकानातून पाकीट आणतात, असो. नर त्या पानाखाली फेसाचं घरटं बांधतो. मादीला मी पहिला दिवस कंदिलाच्या काचेत उभी ठेवतो, म्हणजे दोघं एकमेकांना बघतात पण फाडाफाडी होत नाही. काच काढली की नर तिला विळखा घालतो, सुटताना खसखशीसारखे पांढरे दाणे खाली पडायला लागतात, आणि तो खाली झेपावून एकेक दाणा तोंडात धरून फेसात नेऊन चिकटवतो. संपलं की मादीला बाहेर काढायचं, नाहीतर तो तिला मारतो. दीड-दोन दिवसांत पिल्लं निघतात, शेपटी खाली करून फेसाला लोंबकळतात. एखादं गळून पडलं की बाप उचलून पुन्हा वर लावतो. थायलंडने २०१९ मध्ये या माशाला राष्ट्रीय जलचर जाहीर केलं ते लढण्याबिढण्यासाठी असेल; मला विचाराल तर या बापपणासाठी करायला हवं होतं.

आणखी दोन-तीन दिवसांनी पिल्लं आडवी पोहायला लागतात. आता बापालाही काढायचं. इथपर्यंत कोणाचंही येतं. खरा घात इथून पुढे.

पहिल्या खेपेला मी दुकानात विचारलं, काय घालू? "उकडलेल्या अंड्याचं पिवळं, फडक्यातून पिळून." पिळलं. पाणी ताकासारखं दिसलं, मला वाटलं आता पोटभर खातील. दुसऱ्या दिवशी टाकीला वास मारत होता, आणि टॉर्च मारून बघितलं तर तळाला पांढरा थर आणि त्यात बारीक बारीक डोळे. नुसते डोळेच दिसतात हो, एवढं लहान पिल्लू असतं. दीडशे तरी असतील.

गोष्ट अशी आहे की या पिल्लाच्या पोटाला अंड्यातलं बलक दोन-तीन दिवसच पुरतं. त्यानंतर त्याला हवं असतं ते हलणारं, वळवळणारं आणि त्याच्या तोंडापेक्षा बारीक. पडून राहिलेली पावडर त्याच्या लेखी खाणंच नाही. ती तळाला बसते, सडते, पाणी नासवते. म्हणजे उपाशीही मरतात आणि विषारी पाण्यानेही मरतात.

म्हणून, जोडा लावायच्या आठवडाभर आधी मी पीठ लावतो. गव्हाचं पीठ पेजेपेक्षा घट्ट शिजवायचं, गार झालं की झाकणाला भोकं पाडलेल्या डबीत ओतायचं, वर चिमूटभर यीस्ट, आणि जुन्या डबीतले चमचाभर मायक्रोवर्म, म्हणजे दोऱ्यासारखे अगदी बारीक किडे. अगदी विरजण लावल्यासारखं. चार-पाच दिवसांनी पिठाचा पृष्ठभाग चमकायला लागतो, जवळून बघितलं तर सगळा हलत असतो, आणि किडे डबीच्या भिंतीवर चढतात. रंगकामाच्या ब्रशनं तेवढेच पुसून घ्यायचे आणि पाण्यात हलवायचे. पीठ पाण्यात जाता कामा नये. त्याच्याही आधीच्या एक-दोन दिवसांसाठी एका बरणीत कोबीचं पान टाकून टाकीतलंच जुनं पाणी ठेवतो. पाणी गढूळ होतं, मग निवळतं, तेव्हा त्यातले न दिसणारे जीव ड्रॉपरने द्यायचे. बरणीला तोंडाशी पातळ कापड बांधा. आमच्याकडे डासअळ्या शोधायला आलेल्या बाईंनी ती बरणी उन्हात धरून इतका वेळ बघितली की मलाच घाम फुटला.

आठवड्यानंतर आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातले कोळंबीच्या जातीचे बारीक जीव; त्यांची वाळलेली अंडी मिळतात. लिटरभर पाण्यात पंचवीस ग्रॅम जाडं मीठ, पाव चमचा अंडी, तळाशी हवेची नळी, आणि दिवसभराने फुटतात. हवा बंद करून उजेड एका बाजूने दिला की टरफलं वर आणि केशरी ठिपके उजेडाकडे. गाळून, गोड्या पाण्यात धुऊन द्यायचे. पाच मिनिटांनी पिल्लांकडे भिंग धरून बघा, प्रत्येकाचं पोट केशरी झालेलं असतं. मासे पाळण्यातला माझा सगळ्यात आवडता क्षण हाच. त्यानंतर टाकीवर काच मात्र घट्ट ठेवायची. तीन-चार आठवड्यांनी ती वरची हवा घ्यायला शिकतात, आणि आपल्याकडच्या जानेवारीतली गार हवा त्यांना सोसत नाही.

तेव्हा तुम्हाला जोडी देईन, नक्की देईन, पण आधी मायक्रोवर्मची एक डबी घेऊन जा. पंधरा दिवस ती जगवा, तिच्यातून दुसरी लावा, मग या. आणि डबीवर मोठ्या अक्षरात नाव लिहा. मी लिहिलं नव्हतं. आईनं झाकण उघडून वास घेतला, "पीठ आंबलंय रे" म्हणाली आणि मोरीत ओतून डबी घासून पालथी घातली. टाकीत तीन दिवसांची पिल्लं होती. तेव्हापासून एक डबी कायम वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे असते. त्यांना आत काय आहे ते मी सांगितलेलं नाही, त्यांनीही विचारलेलं नाही.