रूम पाच हजारांची, कपात ब्याण्णव हजारांची

बाबा, म्हणजे माझे सासरे, वय 71. बाथरूममध्ये घसरले, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, सहा दिवसांनी घरी आले. आता काठी घेऊन सोसायटीत चार फेऱ्या मारतात. ते सगळं नीट पार पडलं. मी लिहायला बसलेय ते त्या हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरबद्दल, कारण तो राग अजून उतरलेला नाही.

आमची फॅमिली फ्लोटर, म्हणजे सगळ्या कुटुंबाला मिळून एकच, आरोग्य विम्याची पॉलिसी जुनी, तीन लाखांची. हॉस्पिटल विमा कंपनीच्या नेटवर्कमध्ये नव्हतं, म्हणून कॅशलेस नाही. आधी आपण भरायचे, मग कंपनीकडे मागायचे. ग्लोव्हज, डायपर असल्या, ज्यांचे पैसे विम्यातून कधीच मिळत नाहीत अशा वस्तू सोडून बिल झालं 2,30,000 रुपये. दीड महिन्याने खात्यात जमा झाले 1,38,000. सोबतच्या पत्रात कारण एका ओळीत: रूम रेंट लिमिटनुसार प्रपोर्शनेट डिडक्शन. त्या एका ओळीत 92,000 गेले.

यातली माझी चूक आधी कबूल करते. पॉलिसीत रूमभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या एक टक्का होती, म्हणजे दिवसाला 3,000. ॲडमिट करताना विचारलं, "सिंगल की शेअरिंग?" बाबा वेदनेने कण्हत होते, मी पटकन म्हटलं सिंगल. ती 5,000 ची. मनात हिशोब केला की दिवसाला दोन हजार जास्त, सहा दिवसांचे बारा हजार, तेवढे आपण सोसू. हा हिशोब साफ चुकला. रूम मर्यादेच्या वर गेली की सर्जनची फी, भूलतज्ज्ञ, ओटी (ऑपरेशन थिएटर), डॉक्टरांच्या व्हिजिट, सगळ्यालाच त्या प्रमाणात कात्री लागते. 3,000 भागिले 5,000, म्हणजे 60 टक्केच मिळणार. आमचा हा खर्च 90,000 होता. त्यातले 36,000 माझ्या "सिंगल" या एका शब्दाने गेले, रूमचे 12,000 वेगळे. ॲडमिट होण्याआधी पॉलिसीतला रूमचा रकाना बघा. बाकी काही नाही वाचलं तरी तेवढं वाचा.

पण कंपनीने सरसकट सगळ्याच बिलाला कात्री लावली होती, आणि ते चूक होतं. विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, 2020 मध्येच सांगून ठेवलंय की औषधं आणि कन्झ्युमेबल्स (एकदाच वापरायच्या वस्तू), इम्प्लांट (शरीरात बसवलेली प्लेट, रॉड वगैरे), तपासण्या यांवर ही प्रमाणातली कपात करायची नाही. आयसीयूच्या खर्चावरही नाही. ज्या हॉस्पिटलात रूम बदलली तरी बाकीचे दर बदलत नाहीत, तिथे तर अशी कपात लागूच होत नाही. (आमच्या हॉस्पिटलात बदलतात, दरपत्रक भिंतीवरच लावलंय. तिथे माझं काही चाललं नाही.) आमचं इम्प्लांट 48,000, औषधं 42,000, तपासण्या 20,000. एक लाख दहा हजारांचे 40 टक्के, म्हणजे 44,000 रुपये विनाकारण कापलेले.

कंपनीच्या तक्रार कक्षाला मेल केली. उत्तर आलं की बिलात ब्रेकअप, म्हणजे कशाचे किती याची फोड, नाही, त्यामुळे फेरविचार शक्य नाही. बिल काढून बघितलं तर खरंच दोनच ओळी होत्या. रूम 30,000. हॉस्पिटल चार्जेस, कंसात ओटी, औषधं, इम्प्लांट, तपासण्या व इतर, 2,00,000.

मग सुरू झाल्या खेपा.

काउंटरच्या काचेला बोलायला जे भोक आहे ते पोटाच्या उंचीवर, त्यामुळे प्रत्येक वेळी वाकून विनवणी केल्यासारखंच बोलावं लागतं. आतला मुलगा म्हणाला, "सिस्टीममधून तसं निघत नाही." दुसऱ्या खेपेला अकाउंटचे सर नव्हते, ते फक्त मंगळवारी असतात. मंगळवारी सर भेटले, तर फाइल रेकॉर्डरूमला गेली होती. वर त्या मुलाने विचारलं, "पण मॅडम, पैसे तर मिळाले ना तुम्हाला?" मी काय बोलले ते इथे लिहीत नाही.

चौथ्या खेपेला प्रिंट निघाली! जी सिस्टीममधून निघत नव्हती तीच. पण शिक्का नाही. शिक्का कपाटात, किल्ली मॅडमकडे, मॅडम रजेवर. पाचव्या खेपेला शिक्का मिळाला, घरी येऊन बेरीज केली तर 2,29,400. सहाशे रुपये कुठे गेले? इतकं भांडून मिळवलेला कागद कंपनीने सहाशेसाठी परत पाठवला असता, म्हणून सहावी खेप. ते सहाशे एका एक्स-रेचे निघाले. तेवढ्यात लक्षात आलं की इम्प्लांटच्या बॉक्सवरचं स्टिकर, ज्यावर त्याचा नंबर असतो, ते आमच्याकडे नाही. केसपेपरवर चिकटवलेलं असतं. त्याच्या झेरॉक्ससाठी सातवी. तुमच्या घरात कुणाला प्लेट, रॉड, स्टेंट, काहीही बसवलं तर डिस्चार्जच्या दिवशीच ते स्टिकर आणि ब्रेकअप बिल मागून घ्या. तपशीलवार बिल ही काही मेहेरबानी नाही, राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत ते लिहिलेलं आहे. मी चौथ्या खेपेला सनदेची प्रिंट नेली होती. प्रिंट निघण्याचं ते कारण असेल असं मला वाटतं, ह्यांना वाटत नाही.

आणि खरी चीड पुढे. सातव्या खेपेनंतर रात्री तक्रार लिहिताना वाचनात आलं की आयआरडीएआयच्या 29 मे 2024 च्या मास्टर सर्क्युलरप्रमाणे क्लेमचे कागद हॉस्पिटलकडून विमा कंपनीने किंवा टीपीएने (कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेने) मिळवायचे असतात, ग्राहकाला पळवायचं नसतं. रिक्षाने सात वेळा जाऊन आल्यावर हे कळलं. तक्रारीत पहिलं वाक्य तेच टाकलं.

तक्रार आयआरडीएआयच्या बीमा भरोसा या तक्रार पोर्टलवर केली. आधी कंपनीकडे लेखी तक्रार केलेली असावी लागते, मेल असली तर उत्तम. ऑनलाइन जमत नसेल तर 155255 वर फोन करता येतो. मी रकमेचा हिशोब पाच ओळींत लिहिला, ब्रेकअप जोडला. बाराव्या दिवशी 44,000 जमा झाले. पत्र नाही, दिलगिरी नाही, नुसता मेसेज. मी तो तीनदा वाचला.

नसते आले तर विमा लोकपालाकडे, म्हणजे ग्राहक आणि विमा कंपनीतल्या वादांचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाणार होते. आम्ही साताऱ्याचे, आमच्यासाठी कार्यालय पुण्यात. फी नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतचे दावे चालतात. फक्त कंपनीने नकार दिल्यापासून वर्षाच्या आत जायचं. अर्ज टाइप करून ठेवला होता, थोडं वाईटच वाटलं वाया गेल्याचं.

मध्येच आठवलं म्हणून सांगते, बाबांच्या बीपीच्या गोळ्यांचं. डॉक्टरांना मूळ औषधाचं नाव लिहून द्यायला सांगितलं आणि जनऔषधी केंद्रातून घ्यायला लागलो. महिन्याचा खर्च निम्म्याहून खाली आला. हे आधी का केलं नाही, याला उत्तर नाही.

आणखी एक राहून गेलेलं काम. ऑक्टोबर 2024 पासून सत्तरी पार केलेल्या सगळ्यांना, उत्पन्न न बघता, सरकारचं आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. यादीतल्या हॉस्पिटलात वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मोफत. आधीची खासगी पॉलिसी असली तरी चालतं. आम्ही "आपल्याला कशाला" म्हणून काढलंच नव्हतं. आता काढलंय.

पॉलिसीही रिन्यू करताना बदलली, रूमची मर्यादा नसलेली घेतली. हप्ता वाढला. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटी गेलाय, त्यामुळे तितकासा टोचला नाही.

पैसे आले त्या संध्याकाळी बाबांना सांगितलं. त्यांनी आधी आकडा विचारला, मग म्हणाले, "रिक्षाचे किती झाले?"

ते लिहून ठेवलेले नाहीत.