आबे फारियाचे हात

पणजीत जुन्या सचिवालयाला लागून, मांडवीच्या काठावर जो पुतळा आहे तो पाहून परगावचा माणूस हमखास विचारतो, हा पाद्री त्या बाईचं भूत काढतोय का? त्याची तरी काय चूक? रामचंद्र पांडुरंग कामत यांनी १९४५ साली घडवलेल्या या शिल्पात झगा घातलेला पाद्री पुढे झुकलाय, त्याचे हात बाईवर रोखलेले, आणि ती मागे कलंडलेली. त्या हातांतून काहीतरी निघून तिच्या अंगात शिरतंय असंच वाटतं. शिल्प म्हणून ते जबरदस्त आहे. पण ज्याचा हा पुतळा, तो संमोहनाचा अभ्यासक गोंयकार पाद्री आबे फारिया ज्या समजुतीशी भांडला, ती नेमकी हीच होती, आणि ते मला खुपतं.

ती समजूत पॅरिसात मेस्मर नावाच्या डॉक्टरने रुजवली. माणसांच्या अंगातून एक अदृश्य द्रव वाहतो, तो हाताने वळवता येतो, असं त्याचं म्हणणं. झाकणाच्या लाकडी पिंपातून लोखंडी सळ्या बाहेर काढलेल्या असत आणि रोगी त्या दुखऱ्या जागेला लावून बसत. १७८४ साली फ्रान्सच्या राजाने चौकशी समिती नेमली. तिच्यात फ्रँकलिन आणि लाव्हाझिए यांच्यासारखे शास्त्रज्ञ होते. बागेतलं एक झाड भारून ठेवलं आणि बारा वर्षांच्या एका मुलाला डोळे बांधून भलत्याच झाडांकडे नेलं. चौथ्या झाडापाशी तो बेशुद्ध पडला. ते झाड भारलेलं नव्हतंच! समितीने निकाल दिला: द्रव वगैरे काही नाही, हा सगळा कल्पनेचा खेळ. आणि विषय मिटवला. फारियाची सुरुवात इथून होते. कल्पनेने माणूस कोसळत असेल, तर ती कल्पनाच तपासायला नको का?

जुजे कुस्तोदियो द फारिया जन्मला कांदोळीत, ३१ मे १७५६ रोजी. आईवडील विभक्त झाले, वडील पाद्री झाले, आई जुन्या गोव्यात सांता मोनिका मठात नन. १७७१ साली बाप-लेक लिस्बनला पोचले, पुढे मुलगा रोममध्ये शिकला आणि १७८० साली त्याला दीक्षा मिळाली. पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचनाला उभा राहिल्यावर त्याची बोबडी वळली, तेव्हा वडील खालून पुटपुटले, ‘हीं सगळी भाजी, कातर रे भाजी’ (समोरची माणसं म्हणजे नुसती भाजी, काप बिनधास्त), आणि तो घडाघडा बोलू लागला, ही गोष्ट गोव्यात पोरासोरांना ठाऊक आहे. ती दंतकथा असेलही, पण एका शब्दाने माणसाची अवस्था कशी पालटते हे तिच्यात नेमकं आलंय. गोव्यातल्या पोर्तुगीज सत्तेविरुद्धच्या १७८७ च्या पिंटोंच्या बंडाचा संशय वडिलांवर आला आणि पुढच्याच वर्षी फारियाने फ्रान्स गाठलं. मेस्मरचा शिष्य प्युइसेग्युर याच्याकडून त्याने माणसाला झोपवण्याची ही विद्या उचलली, पण गुरूचा द्रव काही घेतला नाही.

ऑगस्ट १८१३ पासून पॅरिसच्या क्लिशी रस्त्यावर दर गुरुवारी त्याचे प्रयोग होत. प्रवेशाला पाच फ्रँक. रीत साधी होती. माणसाला आरामशीर बसवायचं. डोळे मिटून फक्त झोपेवर लक्ष लावायला सांगायचं. तो शांत झाला की खणखणीत आवाजात एकच शब्द: ‘झोपा!’ नाही जमलं तर पुन्हा. तरीही नाही, तर उघडा तळवा थोड्या अंतरावर धरून त्याच्यावर नजर रोखायला लावायची आणि हात हळूहळू डोळ्यांजवळ आणायचा. एवढ्यानेही पापण्या मिटल्या नाहीत तर टाळू, कपाळाचे दोन्ही कोपरे, नाकाचं मूळ, छातीखालचा पडदा, हृदय, गुडघे आणि पावलं यांना हलका स्पर्श. काही खेपांनंतरही जमलं नाही, तर हा माणूस यात बसत नाही म्हणून सोडून द्यायचं.

त्या शेवटच्या पायरीतच फारिया घाडीपासून, म्हणजे गावच्या मांत्रिकापासून, वेगळा होतो. मंत्र फुकट गेला तर घाडी आणखी जोरकस मंत्र काढतो. फारिया म्हणतो, जे घडतं ते झोपणाऱ्याच्या आत घडतं, मी फक्त त्याचं लक्ष एका जागी आणतो. म्हणून तो स्वतःला एकाग्र करणारा म्हणवी, आणि त्या अवस्थेला ‘सजग झोप’. चुकलाही तो. ज्याचं रक्त पातळ, तो लवकर झोपतो, असं त्याने ठामपणे मांडलं, आणि ते काही टिकलं नाही.

त्याचा घात वेगळ्याच गोष्टीने केला. एका नटाने झोपेचं सोंग घेतलं आणि भर सभेत डोळे उघडून त्याची फजिती केली. १८१६ साली त्याच्यावर प्रहसन रंगभूमीवर आलं. पाद्रीमंडळींना ही सैतानी विद्या वाटत होतीच. जो स्वतः सांगत होता की माझ्या हातात शक्ती नाही, त्यालाच लोकांनी भोंदू ठरवलं! ज्या कसोटीत सोंग आणि झोप वेगळी काढता येत नाही, ती लोकांपुढे करणं धोक्याचं असतं, हे त्याला फार महागात पडलं.

सजग झोपेवरचा त्याचा ग्रंथ १८१९ साली आला. चार खंड ठरले होते, निघाला एकच. २० सप्टेंबरला तो पॅरिसात वारला आणि मोंमार्त्रच्या दफनभूमीत त्याला पुरलं, थडग्यावर नाव नाही. पुढे फ्रान्समधल्या नॅन्सी शहरातल्या लिएबो आणि बेर्नहाइम या डॉक्टरांनी सूचनेच्या जोरावर रोगी बरे करायला घेतले, तेव्हा बेर्नहाइमने या सिद्धान्ताचा मान फारियाला दिला. १९०६ साली गोंयकार डॉक्टर दाल्गादो यांनी त्याचा ग्रंथ पुन्हा छापून आणला. पुतळा उभा राहिला तो त्यानंतर एकोणचाळीस वर्षांनी, आणि त्यातही हातच पुढे आले.