क्रिसेडला मुले किती?

रविवार, रात्री.

भाची इंग्रजी साहित्य शिकते. आपल्या वर्गासाठी तिने तयार केलेली दहा प्रश्नांची प्रश्नमंजूषा आज जेवणानंतर तिने माझ्यापुढे ठेवली. विषय होता इंग्रज कवी चॉसरने १३८० च्या दशकात लिहिलेले, ग्रीकांनी घातलेल्या ट्रॉयच्या वेढ्यात घडणारे, राजपुत्र ट्रॉयलस आणि विधवा क्रिसेड यांचे ‘ट्रॉयलस अँड क्रिसेड’ हे प्रेमकाव्य. हे काव्य मी तरुणपणी वाचलेले असल्यामुळे खंड पाच, कडवे सात ओळींचे, क्रिसेडला ग्रीकांच्या स्वाधीन करून सोडवून आणलेला योद्धा अँटेनॉर, अशी उत्तरे भराभर देत गेलो. पँडरस क्रिसेडचा कोण, या प्रश्नाला तर हसूच आले. चॉसर त्याच्यासाठी कधीकधी ‘एम’ हा शब्द वापरतो आणि जुन्या इंग्रजीत तो आईच्या भावासाठी होता, म्हणजे प्रेमिकांमध्ये निरोप पोहोचवणारा हा गृहस्थ आपल्या हिशेबाने मामा ठरतो. शकुनीपाठोपाठ आमच्या नात्याला आणखी एक बट्टा.

ठेच लागली ती सहाव्या प्रश्नाला. विधवा क्रिसेडला मुले किती? मी ‘एकही नाही’ या पर्यायावर खूण केली आणि भाचीने लाल फुली मारली. पहिल्या खंडातली ओळ तिने दाखवली. क्रिसेडला मुले होती की नव्हती हे माझ्या वाचनात आले नाही, म्हणून ते सोडून देतो, असे तिथे निवेदक म्हणतो.

मग मी पाचवा खंड उघडून बसलो. क्रिसेडच्या भुवया जुळलेल्या होत्या, एवढे एकच वैगुण्य, हे या निवेदकाला ठाऊक आहे. वय मात्र सांगता येत नाही, असे तो लगेच पुढे म्हणतो. दहाव्या दिवशी परत येण्याचे वचन मोडून तिने ट्रॉयलसचे पदकच ग्रीक योद्धा डायोमीडला दिले, हे तो लपवत नाही. पण तिने त्याला हृदय दिले का, या प्रश्नावर ‘लोक म्हणतात, मला माहीत नाही’ एवढेच सांगून बाजूला होतो. तिचे नाव इतके बदनाम झाले आहे की तेवढी शिक्षा पुरे, शक्य असते तर दयेपोटी मी तिला माफ केले असते, असेही तो म्हणतो.

हे अज्ञान खरे मानावे, तर आठव्या प्रश्नाचे काय करायचे? चॉसर आपला आधार म्हणून कोणाचे नाव घेतो, असा तो प्रश्न होता आणि मी घाईने इटालियन लेखक बोकाच्चोचे नाव लिहिले. कथेचा मुख्य आधार त्याचाच असला, तरी चॉसर त्याचे नाव एकदाही न घेता लोलियस नावाच्या, ज्याचा ग्रंथ कोणालाही सापडलेला नाही अशा लेखकाकडे बोट दाखवतो. आणि त्याच बोकाच्चोने क्रिसेडला मूल नव्हते, होऊ शकले नव्हते, असे आरंभीच स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे पुस्तक समोर असताना चॉसर ‘वाचनात आले नाही’ म्हणतो. हा खोटेपणा मला फार आवडला. ज्या बाईचा निकाल जगाने आधीच लावून टाकला, तिच्याबद्दल आपल्यालाही सगळे ठाऊक आहे असे भासवण्याचे त्याने नाकारले, असे मला वाटते.

माझे सहावे उत्तर बोकाच्चोच्या हिशेबाने बरोबर असल्याने निदान अर्धा गुण मिळावा, असा वाद मी बराच वेळ घातला. ‘मामा, प्रश्न चॉसरचा आहे,’ असे म्हणून तिने दहापैकी आठ गुण लिहिले आणि कागद दप्तरात ठेवून दिला.