एकाच नळीचं पाणी

मे महिन्याचा दुसरा आठवडा. दर्यापूर तालुक्यातल्या एका गावाहून मावशी माझ्या नर्सरीत आल्या. पिशवीत ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या दोन फांद्या होत्या. एक मोगऱ्याची: हातभर लांब, गर्द हिरवी, कळीचा पत्ता नाही. दुसरी जास्वंदीची: शेंडा आखडलेला, पानांच्या कडा करपलेल्या, आणि कळी बोटाने जराशी हलवली की देठातून सुटायची.

"भाऊ, मोगऱ्याले फूल येत नाही अन् जास्वंदीच्या कळ्या गयतात. दोघायले सारखंच पानी देतो, सारखंच खत देतो. आता दोन्ही उपटूनच टाकतो."

फांदी पाहून अर्धंच निदान होतं, बाकीचं मुळाशी असतं. म्हणून ऊन उतरल्यावर त्यांच्या अंगणात गेलो.

मोगरा भिंतीलगत जमिनीत, काळ्या मातीत. त्यापासून चार पावलांवर जास्वंद, 200 लिटरच्या प्लास्टिक ड्रमचा अर्धा भाग कापून केलेल्या कुंडीत, आणि त्यातही शेतातलीच काळी माती. बोअरच्या नळीने रोज संध्याकाळी दोघांनाही पाणी, आणि कपाशीतून उरलेल्या युरियाची पंधरा दिवसांनी एकेक मूठ. मावशींनी कुठेच कुचराई केली नव्हती.

खुरप्याने मोगऱ्याजवळ वीतभर खणलं. वरचे दोन इंच सुकून भेगाळलेले, पण खालची माती हातात घेतली तर लाडू वळला जात होता. वास आंबूस. मे महिन्यात, बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या उन्हात, मोगऱ्याची मुळं चिखलात उभी होती.

मग ड्रमकडे वळलो. माती आकसून काठापासून सुटली होती, फटीत बोट सहज जात होतं. एक लोटा पाणी ओतलं. ते वर क्षणभरही थांबलं नाही, फटीतून सरळ खाली गेलं आणि बुडाच्या भोकांतून वाहू लागलं. मधोमध सळई खुपसली तर चार बोटांवर अडली. जोर लावून आत घातली आणि बाहेर काढली, तर टोकाला कोरडा फुफाटा. रोज दोन बादल्या पाणी मिळूनही जास्वंद तहानलेली होती. बुडातून पाणी आलं म्हणजे झाडाला पोचलं, ही समजूत काळ्या मातीच्या कुंडीत हमखास फसवते. ही माती सुकली की आकसते, पाणी कडेने निसटतं आणि मधला गोळा कोरडाच राहतो.

एकाच नळीच्या पाण्याने एक झाड गुदमरत होतं, दुसरं वाळत होतं. इतक्या वर्षांत ही दोन टोकं मी एकाच अंगणात क्वचितच पाहिली आहेत.

ड्रमच्या काठावर पांढरी पापडीही साचली होती. हा पूर्णा खोऱ्यातला खारपाणपट्टा. अमरावती, अकोला, बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत तो पसरलाय, आणि इथल्या बोअरचं पाणी खारट. कुंडीत तेच पाणी दिलं की पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. पानांच्या कडा करपल्या होत्या त्या तहानेने आणि क्षाराने मिळून. म्हणून कुंडीतल्या जास्वंदीला पिण्याच्या नळाचं पाणी किंवा साठवलेलं पावसाचं पाणीच द्यायला सांगितलं. मावशी ड्रममध्ये चुलीची राखही टाकत होत्या, ती बंद केली. आपली जमीन आधीच विम्लधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाची. राखेने हा गुण आणखी चढतो आणि झाडाला लोह घेता येत नाही. पान पिवळं आणि शिरा हिरव्या दिसल्या तर समजावं की लोह कमी पडतंय. मग हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, लिटरला 5 ग्रॅम, त्याच वेळी कालवून, संध्याकाळी पानांवर फवारावा. खारपाणपट्ट्याच्या मातीत तो नुसता टाकून फारसा उपयोग होत नाही.

आखडलेला शेंडा उघडला तर आत पिठ्या ढेकूण, कापसाच्या बोळ्यासारखे चिकटलेले, आणि मुंग्यांची रांग. जास्वंद कपाशीच्या, भेंडीच्या, अंबाडीच्याच कुळातली. त्यामुळे कपाशीवरचा पिठ्या तिला लगेच धरतो. भिंतीशी सरपणाला पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, रचलेल्या होत्या, त्या आधी हलवायला सांगितल्या. आखडलेले शेंडे कापून पिशवीत बांधून जाळायचे. उरलेल्या झाडाला पाण्याचा जोरदार फवारा मारायचा, मग लिटरला 5 मिली पातळ साबण आणि 5 टक्के निंबोळी अर्क, म्हणजे लिटरमागे 50 ग्रॅम निंबोळ्यांचा भरडा रात्रभर भिजवून गाळलेला. फवारणी ऊन उतरल्यावरच, नाहीतर पान भाजतं. आठ दिवसांनी पुन्हा. मुंग्या थांबवल्या नाहीत तर पिठ्या परत येतो, कारण त्याच्या चिकट गोड स्रावासाठी मुंग्या त्याला राखतात, एका शेंड्यावरून दुसऱ्यावर नेतात.

जास्वंद त्या दिवशीच दुसऱ्या मातीत लावा, असा मावशींचा आग्रह होता. मी नाही म्हणालो. मेमध्ये मुळं उघडी पडली तर झाड हमखास बसतं. तोवर सळईने आठ-दहा भोकं वीतभर खोल पाडून त्यात कुजलेलं शेणखत आणि जाड रेती भरली, काठाची माती ढिली करून फट बुजवली. पाणी दोन टप्प्यांत: आधी दोन लिटर सावकाश, अर्ध्या तासाने आठ लिटर. पहिल्या पाण्याने माती फुगून फट मिटते, दुसरं आत मुरतं. वर तीन इंच तुरीचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, अंथरलं. पश्चिमेकडून 50 टक्के सावलीची हिरवी जाळी. चार-पाच चांगले पाऊस झाले की माती बदलायची: दोन भाग लाल माती, एक भाग रेती, एक भाग जुनं शेणखत, आणि मूठभर निंबोळी पेंड. काळी माती कुंडीत नकोच.

मोगऱ्याचं नेमकं उलट. त्याला पाणी तोडायचं होतं. आमच्या भागात संत्रेवाल्याला ताण म्हणजे काय हे सांगावं लागत नाही: पाणी तोडलं की झाड वाढ थांबवतं, पुन्हा पाणी दिलं की फुलोरा घेऊन फुटतं. मोगराही तसाच. जास्वंद आणि मोगरा दोघंही नव्या फुटीवरच फुलतात. पण जास्वंद सतत फुटत, सतत फुलत राहते, म्हणून तिला थोडं थोडं खाणं आणि कायम ओलावा लागतो. मोगऱ्याला आधी विश्रांती हवी आणि मग छाटणी. रोजचं पाणी आणि युरिया मिळाला की तो नुसत्या वेलीसारख्या फांद्या सोडतो, फूल विसरतो. मावशींच्या मोगऱ्याचं तेच झालं होतं.

त्या दिवशी त्याचे लांब शेंडे दोन-तीन पेरांनी छाटले, युरिया बंद केला, आळं मोडून मातीला उतार दिला, आणि वीतभर खालची माती मुठीत वळेनाशी झाली की मगच पाणी, असं ठरवून दिलं. खरी छाटणी मात्र जानेवारीत. डिसेंबरच्या मध्यापासून पाणी बंद, पानं निस्तेज होऊन खालची गळू लागली की झाड तयार. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात दीड फुटावर छाटायचं, उरलेली पानं हाताने ओरबाडायची, आळं उघडून 5 किलो शेणखत, 200 ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट, 50 ग्रॅम सल्फेट ऑफ पोटॅश. मग भरपूर पाणी. कात्री धारदार असू द्या, बोथट कात्रीने फांदी चिरते आणि तिथून वाळत जाते.

दीड फूट ऐकून मावशी गप्प झाल्या. बारा वर्षांचं झाड. "मरनार नाही ना, भाऊ?" मी मोगऱ्याच्या खोडाची साल नखाने किंचित खरवडून दाखवली. खाली ओलं, पोपटी हिरवं. हे जिवंत असेपर्यंत तो फुटतो, फक्त ऊन सहा तास हवं. भिंतीच्या वरच्या अंगाने बोरीच्या दोन फांद्या त्याच्यावर झुकल्या होत्या. त्या तोडल्या.

शेंड्यांच्या छाटणीवर जूनअखेर मोगऱ्याला मोजक्या कळ्या आल्या. जानेवारीची छाटणी मावशींनी स्वतः केली. फेब्रुवारीच्या मध्यावर गुडघ्याएवढ्या ठोंबाला तांबूस फूट आली, मार्चअखेर प्रत्येक शेंड्यावर तीन-तीन कळ्यांचे झुबके. त्यातल्या काही जांभळट झाल्या, पोटाला बारीक भोक पडलं. ती कळी पोखरणारी अळी. अशा कळ्या रोज सकाळी वेचून नष्ट केल्या आणि खाली पडलेल्याही उचलल्या की घरच्या एका झाडाला औषध लागत नाही.

जास्वंद नव्या मातीत पोळ्यापासून रोज फुलते आहे. पारा पंचेचाळीसला गेला की तिच्या काही कळ्या अजूनही गळतात. तेवढी गळ गरम वाऱ्याची आहे. तिच्यावर औषध मारायचं नाही, जाळी बांधून ठेवायची आणि कुटाराखाली हात घालून ओल बघायची.