मेणाचा कान

यंदा मेणाचा कान घ्यायचा नाही, एवढं मी सावंतवाडीहून निघतानाच ठरवलं होतं.

जुन्या गोव्याच्या फेस्ताला, म्हणजे तिथल्या चर्चच्या जत्रेला, गेलेल्यांना ते मेणवाले ठाऊक असतील. हात, पाय, डोळे, घर, तान्हं बाळ. जे दुखतं किंवा जे हवं असतं, त्याचं मेणाचं रूप विकत घ्यायचं आणि सायबाला वाहायचं. सायब म्हणजे संत फ्रान्सिस झेवियर. आमच्याकडे त्याला पूर्ण नावानं कोण हाक मारतंय, तो 'गोंयचो सायब'. बारा वर्षांत मी त्याला बारा कान वाहिले.

माझा मुलगा बाब आता चौदा वर्षांचा आहे. दीड वर्षाचा असताना माझ्या हातून कुकरचं झाकण फरशीवर पडलं. मी दचकले, खिडकीतलं मांजर पळालं, आणि हा पाठमोरा बसून चमच्याशी खेळतच राहिला. मग तपासण्या. एमआरआयमध्ये दिसलं की कानाकडून मेंदूकडे जाणारी नस दोन्ही बाजूंना तयारच झालेली नाही. मशीन लावा नाहीतर कॉक्लिअर इम्प्लांट (कानाच्या आत बसवायचं यंत्र) करा, आवाज पुढे जायला वाटच नाही. डॉक्टरांनी सगळं नीट, घाई न करता सांगितलं. मग माझ्याकडे उरला देव.

बाप्तिस्म्याच्या वेळी फादर बाळाच्या कानांना आणि ओठांना अंगठा लावतात. 'इप्फाथा', म्हणजे मोकळा हो. मार्कच्या शुभवर्तमानात येशू बहिऱ्या माणसाला हेच म्हणतो आणि त्याचे कान उघडतात. बाबच्या कानांनाही अंगठा लावला होता. तेव्हा आम्हाला काहीच ठाऊक नव्हतं. त्या फोटोत मी हसतेय. पुढे बरीच वर्षं तो फोटो कपाटात पालथा पडून होता.

एका शिबिरात एकानं बाबच्या कानांत बोटं घालून जोरजोरात प्रार्थना केली. पोर घाबरून चड्डीत मुतलं. काही घडलं नाही, तेव्हा मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाई, तुमचा विश्वास कमी पडतोय." ते वाक्य मी तीन-चार वर्षं उरावर वागवलं. आज कोणी म्हणेल तर विचारीन, क्रुसावर जायच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशूनं 'हा दुःखाचा प्याला टळू दे' म्हणून तीनदा मागितलं, टळला का? संत पौलानं शरीरातला काटा काढायला तीनदा विनवलं, निघाला का? तिथं कोणाचा विश्वास कमी पडला? पण हे सुचायला वेळ लागला. मधली दोन वर्षं तर मी देवाशी अबोलाच धरला होता. मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जायचे, तेर्साला, म्हणजे मरियेच्या जपमाळेला, ओठ हलवायचे, आत शब्द नाही. कान मात्र शेजारणीबरोबर पाठवला, लाइटबिल पाठवावं तसा.

30 नोव्हेंबरला, आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या तयारीच्या दिवसांच्या, पहिल्या रविवारची मिस्सा आटोपून आम्ही चाळीसेक जण चालत निघालो. सायबाची नोव्हेना, नऊ दिवसांची प्रार्थना, 24 नोव्हेंबरला सुरू होते आणि फेस्त 3 डिसेंबरला, तेव्हा पोचायचं फेस्ताच्या सकाळी. गेल्या वर्षी दहा वर्षांतून एकदा होणारं सायबाच्या शवाचं प्रदर्शन होतं, त्या गर्दीत बाबला न्यायचं धाडस झालं नाही. यंदा तो आपणहून बॅग भरून बसला.

इन्सुलीचा घाट उतरेपर्यंत सगळे जोरात होते. 'नमान मोरिये, कुर्पेन भरलेले' पुढून यायचं, मागून उत्तर जायचं. बाबला पुढच्या माणसांच्या खांद्यांवरून कळतं म्हणे, कधी म्हणतायत नि कधी थांबलेत. मी नवे सँडल घालून निघाले होते. चालायला निघताना नवी पायताणं घालण्याइतका मूर्खपणा दुसरा नाही; बांद्यापर्यंत उजव्या टाचेला फोड.

सकाळी बांद्याला चहाच्या टपरीवर मालकानं पैसे घेतले नाहीत. स्वतः माळकरी. मी जरा बोलते झाले, बाबचं सांगितलं. तर कप विसळता विसळता म्हणतो, "आमचो इठोबा तरी खंय सगळा देता? तरी जातंव मा दरवर्साक!" आणि हसला. मला त्याचा थोडा रागच आला. पत्रादेवीपर्यंत तो राग पुरला.

धारगळ, कोलवाळचा पूल, म्हापसा, पर्वरी याबद्दल लिहिण्यासारखं माझ्याकडे फारसं नाही. ऊन, ट्रक, टाच.

3 तारखेला पहाटे तीनला पणजीहून निघालो. पणजी ते रायबंदर पोर्तुगीजांनी 1633-34 साली बांधलेला तीनेक किलोमीटरचा बांध आहे, त्यावरूनच रस्ता जातो. डावीकडे मांडवी, उजवीकडे मिठागरं, काळोख. बाबनं माझ्या ओढणीचं टोक मनगटाला गुंडाळलं होतं. मागून येणाऱ्या बसचा हॉर्न त्याला ऐकू येत नाही. मी ओढणीला हिसका दिला की तो कडेला व्हायचा. एकदाही मागे वळून बघितलं नाही.

अंधारात आमचं बोलणं बंद असतं. हात दिसले तर बोलणार. मधेच त्यानं मोबाइलचा टॉर्च लावून माझ्या हातात दिला आणि त्या उजेडात खुणा केल्या. 'तू सायबाकडे माझे कान मागतेस?'

हो म्हटलं.

'दरवर्षी?'

हो.

थोडा वेळ चालला. मग परत उजेडात हात आणले. 'मला विचारलं नाहीस.'

मला उत्तर सुचेना. म्हणून मी त्याला सायबाची गोष्ट सांगितली. तोंडानं सांगायला पाऊण तास लागेल, खुणांत पटकन होते. चीनला जायचं त्याच्या मनात होतं. किनाऱ्यासमोरच्या शांगचुआन बेटावर जाऊन राहिला. एका चिनी व्यापाऱ्याशी मिरीचा मोबदला ठरला, तो लपूनछपून कँटनला नेणार होता. मी खुणा केल्या: होडी. वाट बघणं. आली नाही. ताप आला, आणि 3 डिसेंबर 1552 ला तो तिथल्या झोपडीतच गेला. पन्नाशीही गाठली नव्हती.

बाब थांबला. 'आजची तारीख?'

आजचीच. इतकी वर्षं या फेस्ताला येतेय, पण ज्याच्याकडे नवस घेऊन येते त्याचीच होडी आली नव्हती, आणि आपण नवे कपडे घालून साजरा करतो तो तोच दिवस, हे माझं मलाही त्या बांधावर हातानं सांगतानाच उमगलं.

'देवावर रागावला असेल?' बाबनं विचारलं.

ठाऊक नाही, म्हटलं. रागावला असेल. पण बोलणं सोडलं नसणार.

'तू सोडलं होतंस.' हे त्याला कसं कळलं कोण जाणे. बहुतेक खांद्यांवरून. टॉर्च त्यानंच बंद केला, बॅटरी कमी होती.

उजाडताना जुन्या गोव्यात शिरलो. सायबाला ठेवलंय त्या चर्चच्या, बासिलिकाच्या, गिलावा नसलेल्या तांबड्या भिंती आणि समोरच्या मांडवात मिस्सा चालू. खाजे, चणे, फुगे, मेणवाले. माझा हात सवयीनं कानांच्या ढिगाकडे गेला, तो मागे घेतला. बाबनं मला थांबवलं, ढीग उपसला, एक मेणाचा पाय काढला आणि माझ्या टाचेकडे बोट दाखवत पोट धरून हसला. पैसे स्वतःच्या खिशातून दिले.

सायबाची चांदीची पेटी उंचावर आहे, मान वर करून बघावं लागतं. बाब बराच वेळ बघत उभा होता. काय मागितलं, विचारलं तर सांगितलं नाही. मग त्यानं पाय वाहिला.

पाय डावा होता. फोड उजव्याला होते. मी त्याला सांगितलं नाही.