तुम्ही विचारलंत म्हणून: जूनमधल्या तीन रजा

ऑफिसात विचारतात, माहेरी विचारतात, सासूबाई तर दरवर्षी नव्यानं विचारतात: "पास होऊन इतकी वर्षं झाली, अजून प्रवेशाच्या दिवसांत जळगावच्या त्या कॉलेजच्या गेटवर नव्या पोरांना मदत करायला कशाला उभी राहतेस? पैसे देतात का?" नाही देत. दोन वेळचा चहा देतात आणि छातीला लावायला एक बिल्ला. त्यासाठी मी तीन हक्काच्या रजा घालवते, त्याही ऐन रिटर्नच्या हंगामात. आमचे साहेब करसल्लागार आहेत, त्यांचं तोंड का वाकडं होतं ते मला कळतं. आजवर मी "आवडतं म्हणून" एवढंच सांगत आले. ते खोटं नाही, पण त्यात खरंही फार थोडं आहे.

आवडतं, हे आधी सांगून टाकते. अमळनेर-धरणगावकडून सकाळच्या गाडीनं उतरलेली पोरं, रावेर-यावलच्या केळीवाल्यांची मोटरसायकलवरून येणारी पोरं, चोपड्याच्या एस.टी.तून आलेल्या मुली आणि त्यांच्यासोबत तो एक मामा, ज्याला सगळं माहीत असतं. रॅगिंगबंदीचा कायदा आपल्याकडे १९९९ पासून आहे, २००९ नंतर तर पोरगं आणि पालक दोघांकडूनही हमीपत्र घेतात. तरी 'सीनियर' हा शब्द ऐकला की आईचा पोरीच्या खांद्यावरचा हात घट्ट होतो. तो हात सैल होताना बघायला मला खरंच आवडतं.

आता दुसरं.

२०१२. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. प्रवेशाच्या दिवसांत नव्या मुलांना मदत करायला आम्हा दहा-बारा जणांना नेमलेलं. आदल्या दिवशी आम्हाला एकच गोष्ट शिकवली: नवीन पोराला 'माहीत नाही' ऐकवायचं नाही, ते घाबरतं. मला ते फार पटलं होतं.

दुपारी बाराच्या सुमारास बापलेक आले. धडगावकडचे. आदल्या दिवशी घाट उतरून शहाद्याला, तिथून शिरपूर, चोपडा करत रात्री जळगावच्या स्टँडवर. तिथंच झोपले. बापाच्या हातात खताची धुतलेली गोणी, तिच्यात मुलाचं अंथरूण. मी पुढे झाले आणि अहिराणीत म्हणाले, "बठा भाऊ, कोठून उनात?" मनात म्हटलं, बघा केवढी आपुलकी. खानदेश म्हणजे अहिराणी, हे माझं तेव्हाचं गणित. त्यांची घरची बोली पावरी होती. बाप हसला, मान डोलावली. मुलगा आश्रमशाळेतल्या, पुस्तकातून उचलल्यासारख्या मराठीत म्हणाला, "आम्ही धडगाव तालुक्यातून आलो आहोत, मॅडम." मॅडम! मी वीस वर्षांची.

बारावीनंतर एक वर्ष तो घरच्यांबरोबर गुजरातेत, बारडोलीकडे ऊसतोडीला गेला होता. म्हणजे गॅप. म्हणजे गॅपचं प्रतिज्ञापत्र. ते त्याच्याकडे नव्हतं. कुठून आणायचं, त्यानं विचारलं. "तुमच्या तहसीलमधून आणावं लागेल," मी म्हणाले. उत्पन्नाचा दाखला आपल्याच तहसीलचा लागतो, त्यावरून ठोकून दिलं. अडखळलेही नाही. बिल्ला लावला की आवाज आपोआप ठाम होतो. बापानं पुन्हा मान डोलावली. मुलानं वहीच्या मागच्या पानावर ते लिहून घेतलं आणि मला "धन्यवाद" म्हणाला. प्रवेशाची शेवटची तारीख परवाची होती. तेही त्याला मीच सांगितलं.

तीन वाजता ऑफिसातल्या क्लार्ककाकांशी बोलताना सहज विषय निघाला. ते म्हणाले, "तहसील कशाला? शंभराचा स्टँप घ्यायचा, कोर्टाजवळ टाइप करून मिळतं. अर्धा तास." कोर्ट कॉलेजपासून रिक्षानं दहा मिनिटांवर.

पुढचं मी कुणालाच सांगितलेलं नाही. चोपड्याकडची गाडी चारला होती. मला ठाऊक होतं, कारण ती वेळही त्या मुलानं मलाच विचारली होती. ती मात्र मी बरोबर सांगितली. लगेच रिक्षा केली असती तर स्टँडवर दोघं सापडले असते. पण साडेतीनला प्राचार्यांबरोबर आम्हा सगळ्यांचा फोटो होता. मी थांबले. फोटो झाला. मग त्याच्या फॉर्मवरच्या नंबरला फोन लावला: संपर्क क्षेत्राच्या बाहेर. संध्याकाळी लावला, तेच. तिसऱ्यांदा लावला नाही. 'दोनदा लावला होता' या एका वाक्यावर मी कित्येक वर्षं काढली.

तो आला नाही. पहिल्या यादीत बघितलं, नंतरच्या यादीतही बघितलं.

तो फोटो कॉलेजच्या हॉलबाहेर अजून आहे. मी दुसऱ्या रांगेत, दात काढून. मला विचारणारे निम्मे लोक त्याच फोटोकडे बोट करून म्हणतात, "तेव्हापासूनच हौस दिसते हं!"

स्वतःची वकिली मी भरपूर केली आहे. वीस वर्षांची पोर ती, तिला काय कळणार. शिकवणाऱ्यांनीच चुकीचं शिकवलं. एका कागदावाचून कुणाचं शिक्षण थोडंच अडतं. पैसेच नसतील कदाचित. कदाचित त्यानं शहाद्याला किंवा नंदुरबारला प्रवेश घेतला असेल, आज कुठं शिक्षक असेल, मी त्याच्या लक्षातही नसेन. सगळं शक्य आहे. २०१२ मधली ती मुलगी या प्रत्येक मुद्द्याला हो म्हणते. फोटोसाठी का थांबलीस, एवढं विचारलं की गप्प बसते.

आमचं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १९९० मध्ये झालं, तेव्हा लोक म्हणाले, चला, पुण्याच्या खेपा वाचल्या. २०१८ मध्ये त्याला आसोद्याच्या कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव दिलं, ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या दिवशी ऑफिसात कुणीतरी पेढे आणले. मला हातात पेढा घेतल्यावर ती वही आठवली. मागच्या पानावर स्वच्छ अक्षरात लिहिलेलं माझं चुकीचं उत्तर.

म्हणून आता गेटवर मी "माहीत नाही, विचारून येते" म्हणते. पण तेवढ्यानं सुटले म्हणावं तर तसंही नाही. गेल्या वर्षी एका मामांनी फटकारलं, "माहीत नाही तर उभ्या कशाला राहता?" मी विचारून येईपर्यंत ते भाचीला घेऊन निघूनही गेले होते. म्हणजे आम्हाला शिकवलेलं अगदीच चूक नव्हतं की काय? अहिराणीसुद्धा मी आता आपणहून काढत नाही, समोरचा बोलला तरच बोलते. मग पारोळ्याकडची एखादी आजी दहा मिनिटं माझ्याशी अवघडून शुद्ध मराठी बोलत राहते आणि जाताना कळतं की दोघी एकाच बोलीतल्या.

हे सगळं सासूबाईंना सांगितलं तर त्या पहिल्या झटक्यात म्हणतील, "मग गेटवर काय उभी राहतेस, धडगावला जाऊन ये ना एकदा." नेमकं तेच मी टाळत आले आहे. फॉर्मवरचं गावाचं नाव मला अजून पाठ आहे. यंदाच्या तीन रजांचा अर्ज मात्र काल साहेबांच्या टेबलावर ठेवलाय.